सगळ्यात तापलेल्या भट्टीचा ताव

कोयता करायला टाकला, की लोहार लोखंड भट्टीत घालतो आणि नुसता बघत राहतो. थर्मामीटर कुठला त्याच्याकडे? लोखंड लाल झालं, केशरी झालं की पिवळं, यावरूनच त्याला ताव कळतो. आज आम्ही सांगणार आहोत ती भट्टी फार वेगळी आहे, पण युक्ती हीच.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रूकहेवन प्रयोगशाळा आहे. तिथे पावणेचार किलोमीटर घेराच्या कड्यात सोन्याच्या अणूंची केंद्रकं दोन बाजूंनी जवळजवळ उजेडाच्या वेगाने पळवत आणि एकमेकांवर आदळवत असत. (हो, सोनंच! पण डोळ्यांना दिसणारही नाही इतकं.) त्या टकरीत केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांचा रस होतो.

हा रस पापणी लवायच्या कितीतरी आधी थिजतो. मग त्याचा ताव मोजायचा कसा? त्यातले बाकीचे कण जत्रेच्या गर्दीतून यावं तसे धडकत, अडखळत बाहेर येतात. तोवर आतली खूण पुसलेली असते. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, मात्र त्या रसात अडकत नाही. तो सरळ बाहेर पडतो आणि आतली खबर जशीच्या तशी आणतो. हा उजेड आपल्याला दिसत नाही, यंत्रालाच दिसतो.

खरी मेहनत पुढेच आहे. रस थिजून झालेले कण फुटतात, तेव्हा त्यांच्यातूनही फोटॉन निघतात, आणि तेच ढिगाने. आपल्याला हवे ते मूठभर. इथे सूप चालत नाही, हिशेबानेच पाखडावं लागतं. फुटलेल्या कणांचे किती असतील ते काढायचं, एकूणातून वजा करायचं, उरतील ते भट्टीचे. टकरी २००० साली सुरू झाल्या, आकडा जाहीर झाला २०१० साली! ४ लाख कोटी अंश सेल्सिअस. सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट. हे मोजणाऱ्या ‘फिनिक्स’ गटात आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही होते.

याचा आपल्याला उपयोग काय, असं विचाराल. रोख उपयोग काही नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पण विश्व जन्मलं तेव्हा पहिला सेकंद पुरा व्हायच्या आत सगळीकडे असाच रस होता, असं शास्त्रज्ञ मानतात. तो थिजला, त्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉन झाले. आपल्या परातीतलं पीठ, हंड्यातलं पाणी, आपली हाडं, सगळं त्यांचंच. पुढे युरोपात जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या कड्यात शिशाची केंद्रकं आदळवली, तिथला ताव याहूनही जास्त निघाला.