वल्हांडण आणि प्रभुभोजन

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर बेने इस्राएल समाजाचे ‘शार हाशामायिम’ म्हणजे ‘स्वर्गद्वार’ नावाचे सिनेगॉग आहे, १८७९ सालचे. तेथून मासुंदा तलावाकडे पायी आले की सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च लागते. त्याचे मूळ पोर्तुगीज अमदानीतले. एका समाजात वर्षातून एकदा घरच्या ताटावर भाकरी मोडतात, दुसऱ्यात रोज वेदीवर. ‘दोन्ही एकच,’ असे आमचे विद्यार्थी लिहून मोकळे होतात. ते तितके सोपे नाही.

प्रथम वल्हांडण. मराठी बायबलातला हा शब्द मोठा नेमका आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे. मिसर देशात इस्राएल लोक गुलाम होते. सुटकेच्या रात्री ज्या दारांना कोकराचे रक्त लावले होते, ती मृत्यूने ओलांडली; आणि निघण्याची घाई अशी, की कणीक आंबायला सवड मिळाली नाही. म्हणून या सणात भाकरी बिनखमिराची.

आता गंमत पाहा. कोकणातल्या शनिवार तेल्याच्या घरी भाकरी बारा महिने बिनखमिराचीच! तिच्यावरून सण ओळखायचा कसा? या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवले आहे, की जुनी मंडळी याला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचे भांडे तेवढे झाकून ठेवायचे, की झाला सण. हिब्रू विसरली, सणाचे मूळ नाव गेले. पण आंबवलेल्याला शिवायचे नाही, एवढे बायकांच्या हातात टिकून राहिले. मला तर हे पांडित्याहून मोठे वाटते.

हरवलेली कथा परत मिळण्यात मात्र ख्रिस्ती लोकांचा हात होता. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. बेने इस्राएलांनी मिशनऱ्यांकडून विद्या घेतली, आणि बहुतेक सारे यहुदीच राहिले! वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बसून भाकऱ्या करताहेत.

आता प्रभुभोजन. येशू यहुदी होता, हे आपण विसरतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते त्याचे शेवटचे भोजन वल्हांडणाचेच; योहानाच्या मते ते आदल्या रात्रीचे, आणि कोकरे कापण्याच्या दिवशी तो क्रूसावर गेला. विद्वानांचा हा वाद मिटलेला नाही. शिवाय आजचा ‘सेदेर’ विधी आकाराला आला तो इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर. तेव्हा मिस्सा ही सेदेरची नक्कल नव्हे. ही चुलत भावंडे. मंदिरासोबत कोकराचा बळीही गेला. यहुद्यांनी ताटात एक हाड ठेवले; ख्रिस्ती तर आधीपासूनच म्हणत होते, की कोकरू ख्रिस्तच.

सेदेरला पुरोहित लागत नाही. घरातले धाकटे पोर प्रश्न विचारते आणि कर्ता माणूस कथा सांगतो. ती सांगताना ‘ते सुटले’ नव्हे, ‘आम्ही सुटलो’ असे मानायचे. मिस्सेला धर्मगुरू हवाच; आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे तेथे नुसती आठवण नसते, भाकरीच्या रूपात ख्रिस्त स्वतः हजर असतो. वल्हांडणाच्या भाकरीत देव नाही; आहे ती गुलामीची आणि सुटकेची चव. खमिराचेही एकमत नाही बरे! कॅथलिकांची भाकरी बिनखमिराची. पण आपल्या कल्याण-डोंबिवलीकडचे केरळी ऑर्थोडॉक्स सीरियन खमिराचीच वापरतात आणि विधीला ‘कुर्बाना’ म्हणतात. हिब्रू ‘कोर्बान’चे, म्हणजे बळीचे, हे सख्खे नाते.

युरोपात मात्र याच दिवसांत यहुद्यांच्या जिवावर बेतत असे. वल्हांडणाच्या भाकरीत ख्रिस्ती मुलाचे रक्त घालतात, असा आळ शतकानुशतके घेतला गेला. आणि तो कोणावर, तर ज्यांना रक्त खाणेच निषिद्ध त्यांच्यावर! येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर लादता येत नाही, हे रोमने जाहीर केले ते १९६५ साली.

३२५ सालच्या निकायाच्या परिषदेनंतर ईस्टर यहुदी पंचांगापासून वेगळे मोजू लागले. चंद्र तोच राहिला. पुष्कळ वर्षी दोन्ही सण आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आगेमागेच येतात. अशा वेळी टेंभी नाक्याकडे घराघरांतून खमीर झाडून काढणे चाललेले असते, आणि तलावापाशी गुरुवारी संध्याकाळी त्या शेवटच्या भोजनाची मिस्सा.