शाळेची हिरवळ आणि तिच्यातील तण



आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. अशा मुलखात शाळेपुढे चार हात हिरवळ राखणे कष्टाचे काम आहे. त्यासाठी आपली हरळीच लावावी. ती उन्हाळ्यात वाळते, परंतु मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. मात्र तीच हरळी फुलझाडांच्या वाफ्यात शिरली म्हणजे तण ठरते.

हिरवळीचा खरा वैरी लव्हाळा. दिसावयास तो गवतासारखाच. परंतु त्याचा तुऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा, तीन कडा हाताला लागतात. ही परीक्षा तिसरीतील मूलही करू शकेल. मी नवा शिक्षक असताना एका शाळेत लव्हाळ्यावर मुलांकडून खुरपी चालविली आणि आठ दिवस मोठ्या अभिमानाने मिरविले. पंधरवड्यात तो पूर्वीहून दाट उगवला! जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. ती तुटली की गाठी स्वतंत्रपणे फुटतात. म्हणून चैत्र-वैशाखात जमीन खोल खणून गाठी वेचाव्यात व कडक उन्हात वाळवाव्यात. एका वर्षात हे काम पुरे होत नाही.

सराटा पिवळ्या फुलावर येताच मुळासकट काढावा. त्याचे काटे अनवाणी मुलांच्या पायांत जातात.

गाजरगवताविषयी मात्र आग्रहाने सांगावयाचे आहे. अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले व पुढे देशभर पसरले. मागे एका श्रमदानात मुलांनी ते उघड्या हातांनी उपटले. पुढे एका मुलाच्या मानेवर व कोपरांवर पुरळ उठले. खाजवून खाजवून बिचाऱ्याने कातडी सोलून घेतली. त्या श्रमदानाची आखणी माझीच होती. तेव्हापासून हे काम मी मुलांना सांगत नाही. मोठ्यांनी हातमोजे घालून, जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी ते उपटावे. दम्याच्या मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. तणनाशकाचा फवाराही शाळेच्या आवारात नको.

मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा या गवताची पाने खातो. पावसाळ्यात तो दिसल्यास तेवढा तुकडा त्याच्यासाठी राखावा. मोकळ्या कडेला तरोट्याचे बी फेकावे. त्याच्या दाटीत गाजरगवत मागे पडते. आणि फुलावर आलेले गाजरगवत उकिरड्यावर टाकू नये. खताबरोबर त्याचे बी पुन्हा बागेतच येते.