बांडगूळ म्हणावं कुणाला?

आपल्या मराठीत 'बांडगूळ' ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण ती सहज देतो. एखाद्या माणसालाच नव्हे, अख्ख्या वस्तीला ती दिलेली मी ऐकली आहे. म्हणूनच आज एका अस्सल परजीवी वनस्पतीची ओळख करून द्यावीशी वाटते.

अरबीत तिला तरथूथ म्हणतात. शास्त्रीय नाव सायनोमोरियम कॉक्सिनियम. भूमध्य समुद्राच्या खारट किनाऱ्यांपासून अरबस्तान-इराणच्या वाळवंटापर्यंत ती आढळते. तिला हिरवं पान नाही की हरितद्रव्य नाही. वर्षातला बहुतेक काळ ती जमिनीखाली असते आणि खाऱ्या मातीतल्या झुडपांच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेते. हिवाळ्यात पाऊस झाला, की वसंतात तिचा वीतभर उंचीचा, गडद लाल, मांसल दांडा वाळूतून वर येतो. त्यावर इवली इवली लाल फुलं दाटीनं असतात. पाहणाऱ्याला अळंबीच वाटावी.

वाळवंटातले बदाऊनी मेंढपाळ हा कोवळा दांडा उपटतात, सोलतात आणि आतला पांढरा, रसाळ गर तसाच खातात. उंटही तो आवडीनं चरतात. टंचाईच्या दिवसांत या वनस्पतीनं माणसांची भूक भागवली आहे. कुणाची परवानगी नाही, की दाम नाही.

आता माल्टाला चला. तिथल्या गोझो बेटालगत समुद्रात सुमारे साठ मीटर उंचीचा एक खडक आहे. त्याच्या माथ्यावर हीच वनस्पती उगवते. रंग रक्तासारखा, म्हणजे रक्तस्रावावर गुणकारी, अशी तेव्हाची समजूत. बेटावर राज्य होतं ते ख्रिस्ती सरदारांच्या संघाचं. त्यांचा प्रमुख पिंटो यानं १७४६ मध्ये खडकावर जायला बंदी केली. चोरून जाणाऱ्याला तीन वर्षं गलबतावर वल्ही मारायची शिक्षा! कुणी चढू नये म्हणून खडकाच्या कडा तासल्या, पहारा बसवला. जा-ये फक्त दोरावरून सरकणाऱ्या पाळण्यातून. युरोपातल्या राजेरजवाड्यांना ही 'अळंबी' नजराणा म्हणून जाई. ती अळंबी नव्हेच, फुलणारी वनस्पती आहे. लिनियसनं १७५३ मध्ये तिची नोंद केली तीही सपुष्प वनस्पतींतच.

वनस्पती एकच. मेंढपाळाला ती वाटेवरचा खाऊ, सत्ताधीशाला पहाऱ्यातला खजिना. तिनं स्वतःत काहीच बदल केला नव्हता.

आणि आपल्याकडे काय? चंदनाची मुळंही शेजारच्या झाडांच्या मुळांना बिलगून पाणी आणि क्षार घेतात. पानं हिरवी, म्हणून चंदन अर्धं परजीवी. बांडगुळाचंही तसंच, त्याचीही पानं हिरवीच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी दोघंही अर्धपरजीवीच. फरक इतकाच, की एक फांदीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर घेतं, दुसरं मातीआड. आपण मात्र एकाचं नाव शिवीसाठी ठेवलं आणि दुसऱ्याचं परोपकारासाठी. 'चंदनासारखा झिजला' म्हणताना त्याच्या शेजारच्या झाडाची आठवण कुणाला होते?

मी कविता लिहितो, शब्दांवर माझं पोट नसलं तरी जीव आहे. शब्द झाडाला चिकटला तर झाडाचं काही बिघडत नाही. माणसाला चिकटला, की तो पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. तेव्हा सहाणेवर चंदन उगाळाल, तेव्हा त्या गंधात शेजाऱ्याचंही पाणी आहे, एवढं ध्यानात असू द्या.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)