कृष्णवर्णीयांचा चित्रपट आणि उद्याची गोष्ट



सिनेमावर बोलायचं तर मुंबईपासून सुरुवात करावी, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र सुरुवात एका शेतकऱ्यापासून करणार आहे. हा शेतकरी अमेरिकेतला, वर्णाने काळा. नाव ऑस्कर मिशो. जन्म १८८४ चा. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. मिशोने आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांत हमालाचं काम केलं, पैसा पैसा साठवला, आणि १९०५ च्या सुमारास साउथ डाकोटा राज्यात जमीन घेतली. आजूबाजूची वस्ती जवळपास सगळी गोऱ्यांची. न मोडलेलं गवताळ रान. त्याने ते नांगराखाली आणलं. पुढे अवर्षण आलं, घरात बिनसलं आणि जमीन हातची गेली. मग या गृहस्थाने काय करावं? आपली हीच कहाणी कादंबरीत लिहिली, आणि ती पुस्तकं काखेत मारून शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून विकली.

१९१७ साली त्याची ‘द होमस्टेडर’ ही कादंबरी आली. ‘होमस्टेडर’ म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर वस्ती करून ती कसणारा माणूस. कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या एका चित्रपट कंपनीने तिचे हक्क मागितले. मिशो म्हणाला, देतो. पण चित्रपट माझ्या देखरेखीखाली निघाला पाहिजे. ज्याने कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही, त्याची ही अट! बोलणं फिसकटलं. मग मिशोने स्वतःचीच कंपनी काढली आणि जे शेतकरी त्याची पुस्तकं घेत होते, त्यांनाच कंपनीचे भाग विकले. त्यांत बरेचसे गोरे होते, हेही सांगायला हवं. त्या पैशातून १९१९ मध्ये आठ रिळांचा मूकपट निघाला आणि शिकागोत लागला. कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने काढलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे.

पुढे मिशोने चाळीसच्या वर चित्रपट काढले. एक चित्रपट पुरा झाला की रिळांच्या पेट्या घेऊन तो स्वतः गावोगाव जायचा. थिएटरच्या मालकाला पुढच्या चित्रपटातल्या नटनट्यांची छायाचित्रं दाखवायचा आणि आगाऊ रक्कम मागायचा. त्या रकमेतून पुढचं चित्रण. जत्रेत तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा मामला चटकन ध्यानात येईल. चित्रपट काढणं हे अर्धंच काम. तो माणसांपर्यंत नेणं हे दुसरं अर्धं, आणि जास्त जड.

एवढी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारील. त्याला कारण होतं. १९१५ मध्ये ग्रिफिथ नावाच्या नामवंत दिग्दर्शकाने ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट काढला होता. त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची सोंगं काढली होती, आणि त्यांना मारहाण करणाऱ्या टोळीला शूरवीर म्हणून दाखवलं होतं. चित्रपट तंत्राने उत्तम, म्हणून तर अधिक घातक. देशभर तो पाहिला गेला. १९२० मध्ये मिशोने ‘विदिन अवर गेट्स’ काढला. त्याची नायिका एक शिक्षिका आहे, बरं का! दक्षिणेकडची, काळ्या मुलांची शाळा पैशावाचून बंद पडायला आलेली. त्या शाळेसाठी पाच हजार डॉलर उभे करायला ही बाई उत्तरेकडे जाते. आणि त्याच चित्रपटात जमावाने माणसांना फासावर लटकवल्याचं दृश्यही आहे. ते पाहून दंगल उसळेल, या भीतीने शिकागोत त्याच्या परवानगीवरून मोठा वाद झाला.

आणि या चित्रपटांचं झालं काय? ‘द होमस्टेडर’ आज कुठेच नाही. त्याची एक प्रतही शिल्लक नाही. ‘विदिन अवर गेट्स’सुद्धा गेला असंच सारे धरून चालले होते, पण त्याची एक प्रत दूर स्पेनमधल्या चित्रपट संग्रहात निघाली. मधल्या पाट्या स्पॅनिश भाषेत. तिच्यावरून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९९३ मध्ये चित्रपट पुन्हा उभा केला. स्वतःची गोष्ट सांगितली तरी ती जपायला जागा नसेल, तर ती अशी परमुलखात भटकत राहते.

आता उद्याकडे वळू. त्याच १९९३ साली मार्क डेरी या अमेरिकन लेखकाच्या लेखात एक नवा शब्द आला: आफ्रोफ्युचरिझम. शब्द बोजड आहे, पण आशय अवघड नाही. आफ्रिकन वंशाच्या माणसांनी, आपल्या पूर्वजांची आठवण बरोबर घेऊन, भविष्यकाळाची कल्पना करायची. गोष्टींत, संगीतात, चित्रांत, चित्रपटांत. डेरीचा प्रश्न असा होता की ज्या लोकांचा भूतकाळ मुद्दाम पुसून टाकला गेला, त्यांनी भविष्य कशाच्या बळावर रंगवायचं? पाहा ना, जहाजांत कोंबून आणलेल्या त्या माणसांची नावं बदलली, भाषा तोडली, आईबापांपासून मुलं विकली. आणि पुढे शेकडो वर्षांनंतर विज्ञानकथा लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांतल्या उद्याच्या जगातही काळा माणूस जवळपास नव्हताच. कालही नाही, उद्याही नाही!

तरी शब्द नवा असला म्हणून वस्तू नवी असते असं नाही. विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९२० सालीच ‘द कॉमेट’ नावाची गोष्ट लिहिली. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क शहर मरून पडतं. उरतात दोघं: बँकेतला एक काळा निरोप्या आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. दोघं माणसासारखी एकमेकांकडे पाहू लागतात, तोच शहराबाहेरची जिवंत माणसं येतात आणि वर्णभेदही त्यांच्याबरोबर परत येतो. याच दुबॉइसना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे हा विषय आपल्याला अगदीच परका आहे असं समजू नये.

पडद्यावर ही उद्याची गोष्ट पहिल्यांदा ठसठशीत दिसली ती १९७४ च्या ‘स्पेस इज द प्लेस’मध्ये. त्यातला मुख्य माणूस सन रा हा जॅझ संगीतकार. जन्म अलाबामातला, १९१४ चा. पण तो आयुष्यभर सांगत राहिला की मी शनी ग्रहावरचा आहे. लोक हसायचे. मला मात्र त्या हट्टात मोठी समज दिसते. जिथे आपल्याला माणूस म्हणून मोजत नाहीत, तो गाव आपला कशाला म्हणायचा? चित्रपटात तो ओकलंड शहरातल्या काळ्या तरुणांच्या मंडळात अवतरतो. पोरं त्याला विचारतात, तू खरा आहेस कशावरून? तो सांगतो, मी खरा नाही, तुमच्यासारखाच. या समाजात तुम्ही खरे असता, तर हक्कांसाठी झगडावं लागलं नसतं. चित्रपट विस्कळीत आहे, काही भाग कंटाळवाणाही आहे. पण हे एक दृश्य विसरता येत नाही.

यानंतर ज्यांच्याविषयी मला विशेष सांगायचं आहे, ते हेले गेरिमा. जन्म इथिओपियातला, १९४६ चा. शिक्षण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. त्या विद्यापीठात १९७० च्या आगेमागे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी जमले होते. हॉलिवुडच्या वळणावर जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढे गेरिमा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. त्यांचा ‘सान्कोफा’ हा चित्रपट १९९३ चा. सान्कोफा हा घानातल्या अकान लोकांचा शब्द. मागे मान वळवलेला पक्षी हे त्याचं चिन्ह. मागे जा आणि राहिलेलं घेऊन ये, असा त्याचा अर्थ. मोना नावाची आजच्या काळातली अमेरिकन तरुणी घानाच्या किनाऱ्यावर, गुलामांना डांबून ठेवण्याच्या किल्ल्यात छायाचित्रं काढून घ्यायला येते, आणि तिथून थेट गुलामगिरीच्या काळात, उसाच्या मळ्यात जाऊन पडते. ही बाई काळाच्या पलीकडे जाते, पण पुढे नाही, मागे. मागे गेल्याखेरीज पुढचं दिसत नाही, हे गेरिमांचं म्हणणं.

या चित्रपटासाठी पैसे जमवण्यात वर्षांमागून वर्षं गेली. घाना, बुर्किना फासो, जर्मनी अशा देशोदेशींच्या मदतीवर काम झालं. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. आणि अमेरिकेत? एकही वितरक पुढे येईना. तेव्हा गेरिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये थिएटरच भाड्याने घेतलं. वर्तमानपत्रात मोठ्या जाहिराती द्यायला पैसा नव्हता. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि खेळ आठवड्यांमागून आठवडे चालले. मग दुसऱ्या शहरातली माणसं पुढे आली: आमच्याकडे आणा, थिएटरचं आम्ही बघतो. असा तो शहराशहरांतून फिरला. खेळ संपला तरी लोक लवकर उठत नसत, बोलत बसत. मिळालेल्या पैशातून गेरिमा आणि त्यांच्या पत्नी शिरिकियाना आयना यांनी हॉवर्ड विद्यापीठासमोर पुस्तकांचं आणि चित्रपटांचं दुकान काढलं. नाव अर्थात सान्कोफाच. त्या दुकानात पुस्तकवाचन होतं, चित्रपट दाखवले जातात, चर्चा होतात. मिशोच्या रिळांना जी जागा मिळाली नाही, ती गेरिमांनी आपल्या हाताने बांधून घेतली, असं मला वाटतं.

ही तऱ्हा पुढेही चालली. एव्हा ड्यूव्हर्ने या बाई आधी इतरांच्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करत. १९१९ मधली अडचण त्यांना २०१० मध्येही जशीच्या तशी भेटली: चित्रपट आहे, पडदा नाही. त्यांनी निरनिराळ्या शहरांत कृष्णवर्णीयांचे चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या संस्थांना एकत्र आणलं आणि २०११ मध्ये आपला ‘आय विल फॉलो’ हा चित्रपट एकाच वेळी पाच शहरांत लावला. या वितरण संस्थेचं नाव पुढे ‘ॲरे’ झालं, आणि २०२१ मध्ये ‘सान्कोफा’ दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे आणला तो तिनेच. मधल्या काळात, २०१८ मध्ये, मोठ्या कंपनीचा ‘ब्लॅक पँथर’ आला आणि जगभर शंभर कोटी डॉलरांच्या वर कमाई करून गेला. चांगला आहे तो. तथापि त्याला थिएटर शोधावं लागलं नाही, म्हणून त्याची गोष्ट थोडक्यात आटपली.

शेवटी एक लहान चित्रपट, आणि तो आपल्या जवळचा आहे, कारण तो पाण्याचा आहे. केनियाच्या वनुरी काहियू यांचा २००९ चा ‘पुम्झी’. हा स्वाहिली शब्द, अर्थ श्वास. लांबी वीसएक मिनिटांची. पाण्यासाठीचं महायुद्ध होऊन पस्तीस वर्षं झाली आहेत. बाहेर सगळं वाळवंट. माणसं बंद इमारतींत राहतात. पाणी मापून मिळतं. घाम आणि मूत्रही गाळून पुन्हा पितात. यंत्रांवर व्यायाम करून वीज काढतात. आणि कुणाला स्वप्न पडलं तर ते यंत्राला कळतं. ताबडतोब गोळी घ्या, असा हुकूम येतो. अन्नपाण्यासारखी स्वप्नावरही नजर! आशा नावाची तरुणी तिथल्या संग्रहालयात काम करते. तिला टपालाने एक पुडी येते. पुडीत माती, आणि मातीला ओल आहे. ती त्यात एक बी लावते. ते रुजतं. बाहेर जायची परवानगी मिळत नाही, तेव्हा ती रोप उराशी धरून पळून वाळवंटात जाते, आपल्या वाटणीचं पाणी त्याला घालते आणि स्वतःच्या अंगाची सावली त्याच्यावर धरते.

शाळेच्या एका तासात हा चित्रपट दाखवून वर वेळ उरतो. शिक्षक मंडळींनी तो मुलांना दाखवला, तर संपल्याबरोबर घंटा देऊ नये. मुलांना बोलू द्यावं. त्या पुडीत माती कुणी पाठवली असेल, हे चित्रपट सांगत नाही, मुलं सांगतील.