पापणीच्या मुळाशी

डोळे खाजतात म्हणून एखाद्या लहान मुलाला दवाखान्यात आणतात, तेव्हा आईच्या पिशवीत बहुधा अ‍ॅलर्जीच्या थेंबांच्या दोन-तीन बाटल्या आधीच असतात. थेंब घातले की चार दिवस बरं, मग पुन्हा चोळणं सुरू. अशा वेळी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पापणीच्या केसांची मुळं नीट बघावीत. केसाला घट्ट चिकटलेले पांढुरके बारीक दाणे दिसले तर त्या लिखा. शेजारचे तांबूस ठिपके म्हणजे उवांची विष्ठा. ऊ मात्र चटकन सापडत नाही. जेमतेम दीड मिलिमीटरची, जवळजवळ पारदर्शक, कातडीला पोट टेकून बसलेली. पाय हलवले तरच कळतं.

ही डोक्यातली लांबट ऊ नव्हे. ही रुंद, खेकड्यासारखी. तिला जाड, विरळ केस मानवतात, म्हणून ती एरवी जांघेत राहते आणि मोठ्या माणसांत शरीरसंबंधातून पसरते. मुलाला ती एका अंथरुणात झोपल्यानेही लागू शकते. तरी मुलाशी कुणी गैर वागत नाही ना, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं, आणि पालकांनी त्याचा राग मानू नये.

उपचार साधा, पण चिकाटीचा. डॉक्टर चिमट्याने उवा-लिखा काढतात. मग डोळ्याला चालणारं व्हॅसलीनसारखं मलम पापणीच्या कडेला दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस, जाडसर लावायचं. त्याखाली ऊ गुदमरते. लिखा त्याने मरतीलच असं नाही, त्या आठवड्याभराने फुटतात, म्हणून मलम मधेच सोडायचं नाही. घरातल्यांचीही तपासणी हवी, अभ्रे-चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. डोक्याचं उवांचं औषध किंवा रॉकेल पापणीला मुळीच लावू नका, बुबुळाला इजा होते.

उतारवयात वेगळाच जीव त्रास देतो, डेमोडेक्स. हा सूक्ष्म जीव (माइट) केसाच्या मुळातच राहतो, लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. थोडेफार तर बहुतेकांच्या अंगावर असतात. वाढले की पापण्या लाल होतात, खाजतात. रुग्णाला खाली बघायला सांगितलं की प्रत्येक केसाच्या बुडाशी कोंड्याची नळी चढवल्यासारखी दिसते. ही तपासणी न करताच ‘डोळे कोरडे पडलेत’ म्हणून मोकळे होणारे डॉक्टर पुष्कळ. टी-ट्री तेलाच्या सौम्य पुसण्या यावर वापरतात, शुद्ध तेल मात्र डोळा भाजतं. 2023 मध्ये अमेरिकेत यासाठी लोटिलॅनर या औषधाच्या थेंबांना मान्यता मिळाली. कुत्र्यांच्या गोचिडांवर हेच औषध आधीपासून देत होते.