चिडखोर आतड्याची कैफियत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपले चिटणीस आमंत्रण घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह किंवा हृदयविकार असा एखादा प्रतिष्ठित विषय होता. मी पोटाचा विषय मागून घेतला, तेव्हा ते किंचित् थांबून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, व्याख्यान जेवणाच्या आधी आहे." त्यांची अडचण मला समजते. परंतु ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे, ते मुळी अशा संकोचावरच पोसलेले आहे. तेहतीस देशांत घेतलेली एक मोठी पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. संगणकावर एकांतात उत्तरे देणाऱ्यांत या दुखण्याचे प्रमाण शंभरात सुमारे चार निघाले, आणि जेथे घरोघर जाऊन समोरासमोर विचारले तेथे ते दीडावर आले. देश निराळे होते हे खरे. तथापि समोर माणूस बसला असता पोटाची गोष्ट कोण सांगतो? त्या फरकात लाजेचा वाटा असावा, असे माझे मत आहे.

या दुखण्यास इंग्रजी वैद्यकात इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आय.बी.एस., असे म्हणतात. मी त्यास चिडखोर आतडे म्हणतो. आपल्या घरांत ते निरनिराळ्या नावांनी राहते. कोणी म्हणतो जुनी आव आहे, कोणी म्हणतो गॅस धरतो, कोणाचे पोट सकाळी तीन वेळा जाऊनही साफ होत नाही. मुरडा येतो, शौचास झाले की बरे वाटते, तासाभराने पुन्हा तेच. काहींना बद्धकोष्ठ, काहींना जुलाब, काहींना आलटून पालटून दोन्ही. तपासण्या कराव्यात तर सर्व निर्दोष!

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, एका लग्नाच्या जेवणानंतर हगवणीने आठ दिवस अंथरुणास खिळली. त्या जेवणाने आणखीही पुष्कळ जण आजारी पडले होते. इतर सर्व बरे झाले; अक्काचे पोट मात्र त्यानंतर पूर्वीसारखे झाले नाही. मी नुकताच व्यवसायास लागलो होतो. शौचातून आव पडते एवढे ऐकून मी तिला आमांशाच्या गोळ्या दिल्या. पुन्हा दिल्या. वर्षातून तीन-चार वेळा मेट्रोनिडॅझोलचा फेरा झाला असेल. गुण येईना, तेव्हा सर्व तपासण्या करविल्या, त्या निर्दोष निघाल्या, आणि मी मोठ्या समाधानाने तिला सांगितले, "अक्का, तुला काहीही झालेले नाही. मनाला लावून घेऊ नकोस." ती म्हणाली, "तुझ्या कागदावर नसेल रे. माझ्या पोटात आहे."

तिचे म्हणणे खरे होते. हे मला कळावयास पुढे बरीच वर्षे लागली. तोपर्यंत तिने लग्नकार्यात जेवणे सोडले होते, आणि नंतर जाणेच सोडले. लेकीचे घर एस.टी.ने चार तासांच्या वाटेवर. त्या चार तासांची तिला इतकी धास्ती, की ती लेकीच्या वास्तुशांतीसही गेली नाही. कारण सांगावयाची लाज वाटली, म्हणून गुडघ्याचे निमित्त सांगितले. ते निमित्त आहे हे लेकीने ओळखले, आणि माय-लेकींत दोन वर्षे अबोला राहिला. पोटाचे हे दुखणे माणसास मारीत नाही, असे आम्ही वैद्य मोठ्या खात्रीने सांगतो, व ते खरेही आहे. पण ते माणसाचे येणेजाणे तोडते, हे आम्ही कोणत्याही कागदावर लिहीत नाही.

आता हे घडते कसे, ते पाहू. आतडे ही नुसती नळी नाही. त्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे आहे आणि त्यात कोट्यवधी पेशी आहेत. १८९९ साली लंडनच्या बेलिस व स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे सर्व तंतू तोडले, तरीही आतडे आपला ऐवज नियमाने पुढे ढकलीत राहिले. म्हणजे आतड्यास आपली बुद्धी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ही बुद्धी आणि मस्तकातील बुद्धी यांच्यात अष्टौप्रहर निरोपांची देवघेव चालू असते, व निरोगी माणसास त्यातील बहुतेक निरोपांचा पत्ताही लागत नाही. चिडखोर आतड्याच्या माणसास तो लागतो. १९७३ साली रिची नावाच्या इंग्रज वैद्याने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहानसा फुगा सोडून त्यात साठ मिलिलिटर हवा भरली. निरोगी माणसांपैकी शंभरात सहा जणांस त्याने दुखले. या रुग्णांपैकी पंचावन्न जणांस दुखले. फुगा तोच, हवा तेवढीच. तेव्हा "तुम्ही उगाच बाऊ करता" असे म्हणणाऱ्यांस (त्यांत एके काळी मीही होतो) याहून सरळ उत्तर नाही.

आणि अक्काचे ते लग्नाचे जेवण? कॅनडातील वॉकर्टन या लहान गावी मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित झाले. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. संशोधकांनी त्या गावाची पाठ सोडली नाही. दोन-तीन वर्षांनंतर पाहता, ज्यांचा आजार वैद्यकीय दाखल्याने निश्चित झाला होता, त्यांपैकी तिघांत एकाहून थोड्या अधिकांस चिडखोर आतडे जडले होते. जे आजारी पडलेच नव्हते त्यांत हे प्रमाण दहात एक एवढेच होते. जंतू निघून गेले, पण आतड्याचा हळवेपणा राहिला. ही हकीगत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, हे येथे नमूद करतो.

मनाचा काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत भयापासून होणारा एक व शोकापासून होणारा एक, असे दोन स्वतंत्र सांगितले आहेत. परीक्षेच्या सकाळी ज्या मुलास दोनदा शौचास जावे लागते, त्यास हा ग्रंथ वाचण्याची आवश्यकता नाही. मनातील भय आतड्यास कळते. त्याप्रमाणे आतड्याची कळ मनास भिववते. लोकलमध्ये शौचालय नसते. कल्याणहून मुंबईस नोकरीसाठी जाणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "गाडीत चढलो की पोट विचारते, आता?" ते रोज ठाण्यास उतरून जात व पुढची गाडी धरीत. पोट आधी बिघडले की मन आधी भ्याले, हा वाद निष्फळ आहे. पण भीतीने पोट बिघडते याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा होत नाही. लाजेने चेहरा लाल होतो, तेव्हा ती लाली काही काल्पनिक नसते.

निदानाविषयी दोन शब्द. पूर्वी सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणजे उरले ते आय.बी.एस., अशी रीत होती. आता तसे नाही. रोम शहराच्या नावाने ओळखले जाणारे निकष आहेत; त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली निघाली. सरासरीने आठवड्यातून एक दिवस तरी पोटात दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी संबंध असणे (या तिहींपैकी दोन तरी), हे तीन महिने चालू असून आरंभ सहा महिन्यांपूर्वीचा असणे. एवढ्यावरून आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्यांवरून बहुधा निदान होते. दर सहा महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी करून घेण्याची गरज नसते.

परंतु काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच माझे आजचे सारे व्याख्यान विसरून जावे. शौचातून रक्त पडणे, वजन विनाकारण उतरणे, अंगातील रक्त कमी होणे, ताप, पोटास गाठ लागणे, झोपेतून उठवून शौचास पळविणारे जुलाब, पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेली तक्रार, घराण्यात आतड्याचा कर्करोग असणे. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस पुतण्याचे दुखणे पाहून आपल्यालाही तेच आहे असे वाटले. रक्त पडत होते, ते मूळव्याधीचे समजून त्यांनी दीड वर्ष घरगुती औषधांत घालविले. ते गृहस्थ आज आपल्यात नाहीत. तेव्हा चिडखोर आतडे हे नाव वैद्याकडून घ्यावे, शेजाऱ्याकडून किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशातून घेऊ नये.

आता भगिनीवर्ग ज्याची वाट पाहत आहे, त्या आहाराकडे वळतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मोनाश विद्यापीठात या शतकाच्या आरंभी एक पद्धती बसविण्यात आली. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पुढे पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात आंबतात व वायू करतात. निरोगी माणसास त्याचे काही वाटत नाही. हळव्या आतड्यास तोच रिचीचा फुगा होतो. अशा पदार्थांत कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, चवळी, दूध, सफरचंद, कलिंगड, आणि सांगावयास दुःख होते, पण भरपूर खाल्लेला आंबाही येतो. म्हणजे हॉटेलातील छोले-भटुरे हे या दुखण्यास दिलेले सहकुटुंब निमंत्रणच समजावे. उलटपक्षी भात सहसा कुरबूर करीत नाही. आपल्या आजीचा वरणभात आणि पातळ ताक यांस मोनाशचा दाखला नव्हता, तरी त्यांत शहाणपण होते. अर्थात् ताकानेही काहींचे पोट बिघडते, हे ध्यानात ठेवावे.

एक गृहिणींच्या उपयोगाची गोष्ट सांगतो. लसणातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या परतून, त्या काढून टाकून, मग त्याच तेलाची फोडणी द्यावी. वास येतो, त्रास येत नाही. कडधान्ये भिजवून ते पाणी फेकून द्यावे; तेवढ्यानेही वायू काहीसा कमी होतो.

पण या आहाराचा अतिरेक मी पाहिला आहे. वर्ज्य पदार्थ दोन ते सहा आठवडेच सोडावयाचे असतात. नंतर एकेक पदार्थ, थोड्या प्रमाणात, तीन-तीन दिवस खाऊन पाहावा, आणि ज्याने खरोखर त्रास होतो तेवढाच टाळावा. एका तरुण मुलीने यादी भिंतीवर लावून वर्षभर पाळली; पोट शांत झाले, पण वजन नऊ किलोंनी उतरले आणि ती चारचौघांत जेवेनाशी झाली. उपवासाची सवय आपल्या रक्तात असल्यामुळे सोडणे आपल्याला सोपे जाते. पुन्हा खाणे कठीण जाते.

इसबगोल गुजरातेत पिकतो व जगभर जातो. त्याची भुशी बद्धकोष्ठ व जुलाब या दोहोंत उपयोगी पडते. एका चमच्याने आरंभ करावा, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, कोरडी कधीही फाकू नये. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचे दुखणे वाढवितो. पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या मुरड्यावर चालतात. चहा सकाळी एक पुरे.

ॲमिट्रिप्टिलिन या औषधाविषयी गैरसमज फार आहे. ते उदासीनतेवरील जुने औषध. २०२३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, दहा ते तीस मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत, ते या रुग्णांस गुणकारी ठरले. या मात्रेत ते मुख्यतः आतड्याच्या निरोपांचा आवाज कमी करते. तरीही ते लिहून दिले की घरातले कोणी तरी भ्रमणध्वनीवर नाव शोधते आणि "वेड्याचे औषध" म्हणून बाटली कपाटामागे जाते. वधूवरांच्या बैठकीत कळले तर काय, अशी धास्ती असते. संमोहनाचे तसेच. मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४ साली पोटावर केंद्रित केलेल्या संमोहनाचा लाभ दाखविला, त्यास आता चाळीस वर्षे होऊन गेली. आपल्याकडे ते जादूच्या प्रयोगांतच राहिले. चालणे, वेळेवर जेवणे, पुरेशी झोप यांविषयी आपल्याला कोणी सांगावयास नको. करावयास मात्र हवे.

अक्काविषयी सांगावयाचे राहिले. मी तिची क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "औषध दे, क्षमा नंतर बघू." इसबगोल, ती अल्प मात्रेची गोळी आणि लसणाशिवायची आमटी एवढ्यावर तिचे बरेच भागते. दुखणे पूर्ण गेलेले नाही; महिन्यातून दोन-तीन दिवस वाईट जातात. परंतु तिने लेकीला खरे कारण सांगितले. लेक हसली, मग रडली, आणि म्हणाली, "आई, मलाही तेच आहे." गेल्या दिवाळीत दोघी एस.टी.ने बरोबर गेल्या. कोणत्या स्थानकावर गाडी किती वेळ थांबते याची यादी अक्काने पिशवीत ठेवली होती. ती लागली नाही.

आता कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या संमेलनांत दरवाजाजवळच्या खुर्च्या आधी भरतात, आणि काही मंडळी पंगतीच्या वेळी "घरी पाहुणे यायचे आहेत" असे सांगून निघून जातात, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. पुढील वर्षी सभागृह घेताना शौचालये कोठे व किती आहेत हे आधी पाहावे, स्त्रियांची विशेषतः. आणि त्यांची जागा आरंभीच्या निवेदनात मोकळेपणाने सांगावी. पंगतीत कांदा-लसणाशिवायचे साधे वरण आणि भात ठेवावा, आणि तो कोणी मागितला तर का, असे कोणी विचारू नये. आचाऱ्यांशी मी आज सकाळी बोललो आहे. ते म्हणाले, वेगळा खर्च येणार नाही.