अक्षरं सगळ्यांची राहोत

माझ्या घरी आजोबांच्या वेळचं एक मोडीतलं खरेदीखत आहे. मला मोडी येत नाही. पण एका जाणकारानं ते तासाभरात वाचून दिलं. त्याच कपाटात २००३ सालची एक सीडी आहे. तिच्यात माझ्या कविता आहेत. ती उघडली की पडद्यावर दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. जुना कागद बोलतो आणि कालची सीडी मुकी, असं का?

त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मजकूर वाचता येत नाही. माझा फॉन्ट कोणता होता, हे आता मलाही आठवत नाही.

कवीचं नुकसान कवीपुरतं. पण काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात जुन्या नोंदीची नक्कल मागायला गेलो. कारकून भला माणूस. म्हणाला, "चाचा, फाइल आहे, पण नव्या संगणकावर उघडत नाही. कंपनीचा माणूस आला तरच होईल. कागद असता तर आत्ता दिला असता." नोंद जनतेची, आणि तिची किल्ली मात्र कंपनीकडे!

यावरचा उपाय म्हणजे खुली मानकं. खुलं मानक म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर नव्हे. माहिती कशी साठवायची याचे नियम सर्वांना पाहता यावेत आणि कोणत्याही कंपनीला ते वापरता यावेत, एवढंच. भिंतीवरचा प्लग ठरलेल्या मापाचा असला की पंखा कुणाचाही चालतो, तसं. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आहे. तो पुण्यातही तोच आणि पॅरिसमध्येही तोच. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे.

केंद्र सरकारनं २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. मानकाचे नियम उपलब्ध असावेत, त्यावर स्वामित्वशुल्क नसावं आणि भारतीय भाषांना त्यात जागा असावी, असं ते धोरण सांगतं. धोरण चांगलंच आहे. पण खरा निर्णय होतो निविदेच्या कागदावर. तिथं किंमत बारकाईनं पाहिली जाते. कंत्राट संपल्यावर माहिती कोणत्या रूपात परत मिळणार, हे विचारायचं राहून जातं. मग दुसऱ्या कंपनीकडे जायचं म्हटलं की जुन्या नोंदी सोडवून आणायचाच खर्च इतका होतो, की कार्यालय पुन्हा पहिल्याच दारात उभं राहतं. स्वस्तात घेतलेली वस्तू अशी महागात पडते.

म्हणून ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत संगणकप्रणाली घेणाऱ्यांनी निविदेत एक कलम घालावं: सर्व नोंदी खुल्या मानकात ठेवाव्यात आणि मागताक्षणी त्याच रूपात परत द्याव्यात.

खरेदीखत लिहिणारा तो कारकून कोण होता, मला ठाऊक नाही. त्याची लेखणी, शाई कुठल्या दुकानातली, तेही नाही. त्यानं लिपी मात्र सगळ्यांची वापरली. म्हणून आजोबांचं नाव मला वाचायला मिळालं.